डाव्या गालातली कळ

डॉक्टरांनी कापसाची बारीक वात वळली आणि माझ्या डाव्या नाकपुडीशेजारी, ओठाच्या जरा वर, नुसती टेकवली. पुढचं मला नीट आठवत नाही. माझे पती इक्बाल सांगतात की मी खुर्चीतून अर्धी उठले, टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तशीच थिजून राहिले. ओरडले नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की दुसरी कळ येते, हे सात महिन्यांत मला पक्कं कळलं होतं.

कळ ओसरेपर्यंत डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "माफ करा, पण हे बघणं गरजेचं होतं. तुमच्या दातांत काहीच बिघाड नाही, मॅडम. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात."

त्यांनी कोऱ्या कागदावर एका चेहऱ्याची बाजू काढली. कानाच्या पुढे एक ठिपका दिला आणि त्यातून तीन रेघा ओढल्या. एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक जबड्याकडे. ही ट्रायजेमिनल नस. चेहऱ्याला काही लागलं, गार वाटलं, गरम वाटलं, की ती मेंदूला कळवते. माझ्या नसेची मधली रेघ बिघडली होती. साधा वारा लागला तरी ती मेंदूला आग लागल्याचं सांगत होती.

मला रडू आलं, आणि खरं सांगते, ते आनंदाचं होतं. सात महिने ज्याला कुणी दात म्हणालं, कुणी सायनस, कुणी या वयातलं टेन्शन, त्याला एकदाचं नाव मिळालं होतं. नाव आहे म्हणजे औषध असणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

इक्बालनी विचारलं, "गोळ्यांनी जाईल ना?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक दाबून ठेवता येईल. जाईल का, ते आज नाही सांगता येणार."

दुसरं वाक्य मी त्या दिवशी ऐकलंच नाही. इक्बालनी ऐकलं होतं. त्यांनी ते मला तीन आठवडे सांगितलं नाही.

हे लिहिते आहे ते अशांसाठी, ज्यांच्या तोंडात कुठेतरी वीज चमकल्यासारखं होतंय आणि ज्यांना आरशात काहीच दिसत नाही. माझ्या चेहऱ्यावर आजही काही दिसत नाही. सूज नाही, डाग नाही. या आजाराची ही एक गंमतच म्हणायची.

सुरुवात जानेवारीत झाली. आम्ही कोंढव्याला राहतो. पहाटेच्या नमाजआधी वुजू करत होते, म्हणजे हात, तोंड, पाय धुणं. गार पाण्याची ओंजळ तोंडावर मारली आणि डाव्या वरच्या दाढेपासून डोळ्याखालपर्यंत काहीतरी सर्रकन गेलं. दोन सेकंद. फार तर तीन. मी बेसिनचा नळ पकडून उभी राहिले. वाटलं, दाढ किडली. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा तेच.

आठवड्याभरात दात घासताना येऊ लागलं. मग पोळी चावताना. मग स्कूटरवर, समोरून वारा आला की.

मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. भले गृहस्थ. एक्स-रे काढला, म्हणाले दाढ चांगली आहे, थोडं थांबू. मीच थांबले नाही. मीच त्यांना म्हटलं, मला कळतंय ना कुठे दुखतंय ते, काढून टाका. त्यांनी आधी रूट कॅनाल केलं, म्हणजे दाढेच्या आतली नस काढून पोकळी भरली. कळा थांबल्या नाहीत. मग ती दाढ काढली. मग शेजारची. दोन्ही दाढा धडधाकट होत्या, हे आज मला माहीत आहे. त्यांना दोष देत नाही. मी दुखण्याच्या जागेवर बोट ठेवून सांगत होते, आणि बोट चुकीच्या जागी होतं. तुम्हाला कुणी अशी कळ येत असताना दाढ काढायचं सुचवलं, किंवा तुमचं तुम्हालाच तसं वाटलं, तर आधी एकदा न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे जाऊन या. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं.

मी मराठीची शिक्षिका. शहरातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला अठ्ठावीस वर्षं शिकवत होते. शेख आडनावाची बाई मराठी शिकवते म्हणून नवीन पालकांना पहिल्या महिन्यात जरा नवल वाटायचं, दुसऱ्या महिन्यात ते विसरायचे. माझं सगळं भांडवल म्हणजे माझा आवाज. कविता मी चालीवर म्हणते. व्याकरण शिकवताना मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलते.

मार्चमध्ये नववीच्या वर्गात कविता वाचताना ओळीच्या मध्यावर कळ आली. माझं तोंड डावीकडे ओढलं गेलं, डोळा मिटला. मुलांना वाटलं बाई नक्कल करून दाखवतायत. वर्ग हसला. मी वाचायचा प्रयत्न केला, दुसऱ्या शब्दाला पुन्हा तेच झालं. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी कमी. तिसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी पुस्तकाने तोंड झाकून उभी होते. पुस्तक गालाला लागू न देता.

स्टाफरूममध्ये सहानुभूती होती, पण ती लवकर संपली. एक सहशिक्षिका म्हणाल्या, "दातदुखीला एवढं धरून बसायचं नसतं हो. आमच्याही दाढा गेल्या." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुण्यात हेतू चांगला असला तरी वाक्य असंच येतं.

निदान झालं ऑगस्टमध्ये, आणि औषध सुरू झालं. कार्बामाझेपिन. हे मुळात फिट येणाऱ्यांचं औषध आहे. भडकलेल्या नसेला शांत करतं. पहिल्या चार दिवसांत कळा निम्म्या झाल्या. मी इक्बालना भात कालवून मागितला आणि दोन्ही बाजूंनी चावून खाल्ला. पाचव्या दिवशी सकाळी उठले आणि भिंत माझ्याकडे चालत आली. चक्कर, डोळ्यांसमोर एकाच्या दोन वस्तू. पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागे.

त्याहून वाईट होतं ते शब्द जाणं. मी स्वयंपाकघरात उभी राहून इक्बालना म्हणायचे, ते द्या, ते, ढवळायचं. चमचा हा शब्द सापडायचा नाही. आयुष्यभर मुलांना समानार्थी शब्द पाठ करायला लावले, आणि आता एकही जागेवर नव्हता.

दर महिन्याला रक्त तपासायचं. या औषधाने रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, खाली जातं. ते फार खाली गेलं तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्यामुळे गोळी वाढवली की सोडियम कमी, आणि गोळी कमी केली की कळा परत. डॉक्टर दर वेळी या दोन्हींमधून वाट काढायचे, आणि महिन्याभरात ती वाट बंद व्हायची.

एमआरआय झाला. यात मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून मेंदूचे फोटो काढतात. डोक्यावर पिंजऱ्यासारखं एक झाकण बसवतात. ते माझ्या गालापासून बोटभर अंतरावर होतं आणि पाऊण तास मी फक्त त्या बोटभर अंतराचा विचार करत होते. पुष्कळ लोकांत एखादी रक्तवाहिनी या नसेवर टेकलेली असते. तसं दिसलं तर ऑपरेशनने ती बाजूला करता येते. माझ्या फोटोत तसं काही दिसलं नाही.

डॉक्टरांनी फोटो दोनदा बघितले. म्हणाले, "ऑपरेशन करून फायदा होईल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. खोटं सांगून तुम्हाला टेबलावर नेणार नाही."

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणून दुःख करणारी मी एकटीच असेन, असं तेव्हा वाटलं.

घरात काय चाललं होतं तेही सांगते. इक्बालचं शनिवार पेठेत पुस्तकं बांधायचं लहानसं दुकान आहे. बोलणारा माणूस नाही. त्यांना काय करावं कळेना, म्हणून दुकानातल्या उरलेल्या कागदांच्या छोट्या छोट्या वह्या बांधून आणू लागले, मला बोलायच्या ऐवजी लिहिता यावं म्हणून. एक संपायच्या आत दुसरी. प्रत्येकीला नीट कापडी पाठ. मी त्यात लिहायचे, "पंखा बंद", "भात मऊ", "नको". एवढ्या सुंदर वह्यांत एवढंच.

वुजूचं काय करायचं ते मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना लिहून विचारलं. पाणी चालत नाही तर कोरडा हात फिरवतात, पण हातही चालत नाही. त्यांनी चिठ्ठी वाचून इक्बालना सांगितलं, तेवढी जागा सोडून द्या, मनात काही आणू नका. मी सोडली. पण नमाजेला ओढणी घट्ट घ्यावी लागते, आणि ओढणीची कड गालावर येते. कित्येक दिवस मी नमाजही सोडली. कुणाला सांगितलं नाही.

मुलगी सना बेंगळुरूला नोकरी करते. दिवाळीच्या सुट्टीत आली. लहानपणापासून तिची सवय, आल्या आल्या दोन्ही हातांनी माझा चेहरा धरायचा. दारात तिने तसंच केलं. मी तिला ढकललं. जोरात. ती दारावर आपटली. उलट तीच दिवसभर माफी मागत राहिली. मग चार दिवस ती माझ्याशी बोलताना हात पाठीमागे बांधून उभी राहायची, चुकून पुढे येऊ नयेत म्हणून. बाकीचं मी बऱ्यापैकी सहन केलं, पण ते पाठीमागे बांधलेले हात सहन झाले नाहीत.

आपटे मला भेटले ते न्यूरोलॉजीच्या ओपीडीत, म्हणजे बाहेरच्या रुग्णांना तपासतात त्या विभागात. नंबरची वाट बघत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. समोरच्या रांगेत सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, भर दुपारी मफलर बांधलेले. कागदी कपातला चहा ते नळीने पीत होते. थोड्या वेळाने उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "कोणती बाजू?"

मी डावा हात वर केला.

"माझी उजवी," ते म्हणाले. "इथून उठा आधी. तुमच्या डोक्यावर एसीचं तोंड आहे. ह्यांना वाटतं पेशंट म्हणजे भाजी, गार ठेवली की टिकते."

मी उठून त्यांच्या शेजारी बसले. तिथे खरंच वारा नव्हता. त्या हॉस्पिटलच्या सगळ्या खुर्च्यांचा त्यांनी अभ्यास केलेला होता. पुढचा पाऊण तास आम्ही एक शब्द बोललो नाही. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी एक चिठ्ठी दिली. नारायण पेठेतला पत्ता, आणि खाली लिहिलं होतं, "पहिला रविवार, दुपारी चार. बोलायची सक्ती नाही."

मी गेले नाही. आजारी माणसांनी एकत्र बसून आजाराचं काय बोलायचं, असं मला वाटायचं. दुसऱ्या महिन्यातही गेले नाही. तिसऱ्या महिन्यात इक्बाल म्हणाले, मी दारापर्यंत सोडतो, आवडलं नाही तर परत येऊ.

तळमजल्यावरची खोली. आपटे एकटे राहतात, पोस्टातून निवृत्त झालेत. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, भिंतीला टेकून पाच-सहा माणसं. कुणी उठून "या, या" केलं नाही. मधल्या टेबलावर पाठकोरे कागद आणि पेन्सिली. एका बाईंनी मऊ, पातळ लापशीची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी तोंडात घातली आणि लक्षात आलं, ती ना गरम होती ना गार. माझ्या घरात मी कित्येक महिने हे समजावत होते. इथे कुणाला समजवावं लागलं नव्हतं.

त्या बाई म्हणजे सुनीताताई. कात्रजच्या. जेवणाचे डबे करून देतात. डाव्या जबड्यात कळ, सहा वर्षं झाली. गॅससमोर उभं राहिलं की गरम वाफेनं येते, आणि दिवसभर गॅससमोरच उभं राहायचं. सासू म्हणायची, कामाची वेळ झाली की बरं हिचं दुखतं. घरच्यांनी आधी अंगाऱ्या-धुपाऱ्याचे सगळे प्रकार केले, मग डॉक्टर. हे सगळं त्यांनी मला कागदावर लिहून दिलं, अक्षर सुवाच्य, आणि शेवटी लिहिलं, "तुमच्यापुढे शुद्धलेखनाची भीती वाटते."

मी हसले. हसणं महाग पडतं. पडलंच.

कळ ओसरल्यावर डोळे उघडले, तर कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांनी नजर खाली ठेवली होती, जसं कुणी कपडे बदलत असताना आपण नजर वळवतो. आतापर्यंत कळ आली की भोवतालची माणसं घाबरायची, "काय झालं, पाणी देऊ का" विचारायची, आणि मला त्यांना हाताने शांत करावं लागायचं. या खोलीत तेवढं एक काम माझ्यावर नव्हतं.

त्या खोलीत शिकलेल्या काही गोष्टी सांगते, कुणाला उपयोगी पडल्या तर. जेवण गोळीनंतर तासाभराने घ्यायचं, तेव्हा तिचा जोर असतो. दातही तेव्हाच घासायचे, ब्रशला पाणी कोमट. स्कूटर बंद, रिक्षात आतल्या बाजूला बसायचं. गोळी संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवायची, आणि स्वतःच्या मनाने कधी बंद करायची नाही. लग्नसमारंभात दुखऱ्या बाजूला भिंत घेऊन उभं राहायचं, म्हणजे मिठी मारणारे एकाच बाजूने येतात.

हे सगळं करूनही कळा येतात. ते सांगितलं नाही तर फसवणूक होईल.

दुसऱ्या वर्षी माझं सोडियम फार घसरलं. गोळी एकदम कमी करावी लागली आणि जे दाबून ठेवलेलं होतं ते सगळं उसळून आलं. मिनिटाला एक. दोन दिवस अन्न नाही, पाणी ड्रॉपरने. तिसऱ्या दिवशी भरती केलं. नसेला शांत करणारं दुसरं औषध सलाइनमधून सुरू झालं, पण त्याचा गुण यायला वेळ लागणार होता. हा मधला वेळ कसा काढायचा, याचं औषध डॉक्टरांकडे नव्हतं.

दुपारी मी वहीत लिहिलं, "मला आता जगायचं नाही." इक्बालना दाखवलं. त्यांनी वाचलं, वही मिटली, माझ्या उशाशी ठेवली आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला दरवाजातून त्यांची पाठ दिसत होती. त्यांच्यावर मी काय टाकलं ते मला कळत होतं, आणि तरी ते परत घेता येत नव्हतं. मी त्या पानाचा फोटो काढून सुनीताताईंना पाठवला. का त्यांनाच, ते सांगता येत नाही.

दीड तासाने त्या आल्या. कात्रजहून दोन बस बदलून. त्या दिवशीचे संध्याकाळचे डबे त्यांनी केले नाहीत, हे मला पुढे कळलं. आल्या आल्या त्यांनी नर्सला सांगून पंखा बंद करवला, स्टूल ओढून माझ्या उजवीकडे बसल्या. माझी वही उघडली. माझ्या वाक्याखाली लिहिलं, "मला दोनदा असं वाटलंय. आज राहू दे. उद्या बघू."

मी वाचलं. त्यांनी पुढे काही लिहिलं नाही. साडेतीन तास बसल्या. मला कळ आली की त्या माझ्या बोटांना नुसतं बोट लावायच्या. स्वतःलाही दोनदा कळ आली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी त्यांच्या बोटाला बोट लावलं.

जायच्या आधी मात्र त्यांनी एक केलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना वहीतलं पान दाखवलं. मला तेव्हा राग आला. डॉक्टर दहा मिनिटं माझ्याजवळ बसले, दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांना बोलावलं, आणि त्या बाई माझ्याशी अशा बोलल्या की मला त्याची लाज वाटली नाही. त्या म्हणाल्या, इतक्या वेदनेत हा विचार येतोच, तो सांगितला हे बरं केलं. तुमच्या मनात तो आला तर लपवू नका. कुणाला तरी दाखवा, आणि ज्याला दाखवाल त्याने तो डॉक्टरला दाखवला तर त्याच्यावर रागावू नका.

सात दिवसांनी घरी आले. शाळेने मला वर्गातून काढून ग्रंथालयात बसवलं. मुख्याध्यापिकांनी चांगल्या मनाने केलं. आता मी पुस्तकांवर नंबर घालते आणि मुलं खिडकीतून "शेखबाई" म्हणून हात करतात.

मग आपट्यांचं ऑपरेशन झालं. त्यांच्या एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेवर टेकलेली स्वच्छ दिसत होती. याला मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन म्हणतात. कानामागे कवटीला लहान छिद्र करून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये मऊ तुकडा ठेवतात. ते आठ वर्षं घाबरत होते, शेवटी तयार झाले. अकराव्या दिवशी मला त्यांचा फोन. म्हणाले, "अहो शेखबाई, मी आज पेरू खाल्ला. बियांसकट."

मी "अभिनंदन" म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं जोरात आपटलं. इक्बाल दचकले. माझ्यापेक्षा त्यांची नस चांगली कशी? मी पाच वेळची नमाजी, मी कुणाचं वाईट केलं नाही, माझ्या फोटोत ती मेली रक्तवाहिनी का नाही? एका बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा मी द्वेष केला. दोन महिने त्यांच्याकडे गेले नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, पण तुमच्यापैकी कुणाला असं वाटलं तर तुम्ही एकटे नाही, म्हणून लिहिते.

सुनीताताईंनी मला कळवलं की खोली अजून चालू आहे. मला वाटलं होतं आपटे बंद करतील. मी गेले. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. आपट्यांचा मफलर गेला होता, केस वाढून कानामागचा व्रण झाकत होते. मी दारातच थांबले. म्हटलं, तुम्ही बरे झालात, आता कशाला उकाड्यात बसता?

ते म्हणाले, "मी बरा झालो म्हणून तुमची खुर्ची काढू का? बसा."

त्या दिवशी ते दोन तास एक अक्षर बोलले नाहीत. आता त्यांना बोलता येत होतं, आणि मुळात हा माणूस अतिशय बोलका आहे, हे मला ऑपरेशननंतर कळलं. आठ वर्षांचं बोलायचं साचलेलं असणार. तरी ते आमच्यासारखे पाठकोऱ्या कागदावर लिहीत बसले.

माझं पुढे काय झालं, तर फारसं काही झालं नाही. गेल्या वर्षी रेडिओफ्रिक्वेन्सी करून घेतली. गालातून सुई घालून नसेचा थोडा भाग उष्णतेने जाळतात. दहा महिने कळा जवळजवळ बंद होत्या. त्या दहा महिन्यांत सनाने माझा चेहरा धरला. डावा गाल बधिर होता, मला तिचा फक्त उजव्या बाजूचा हात कळला. पण मी ढकललं नाही. आता कळा हळूहळू परत येऊ लागल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करता येईल, किती वेळा ते बघू. दुसऱ्या एका गोळीची जोड दिली आहे. शब्द अजून हरवतात.

पूर्वी मी दर सकाळी उठून ठरवायचे की आज हे संपणार. आता ठरवत नाही. यात काही मोठं शहाणपण नाही, ठरवून काही होत नाही एवढंच. रोजच्या दुखण्यापेक्षा ते रोज मोडणारं ठरवणं जास्त थकवत होतं.

गेल्या रविवारी आम्ही सातजण होतो. एक नवीन बाई आल्या होत्या, चाळिशीच्या. त्यांचे पती त्यांना दारापर्यंत सोडून बाहेर उभे राहिले होते. सुनीताताईंनी दुधीची खीर केली होती, कोमट. सगळ्यांच्या हातांत वाट्या. दुसऱ्याच चमच्याला मला कळ आली, मोठी, दोन मिनिटं तरी राहिली असेल. आधीसारखीच. इतक्या वर्षांनी तिची सवय होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मी डोळे उघडले. सगळ्यांचे चमचे वाटीत थांबलेले होते. आपट्यांचासुद्धा. त्या नवीन बाईंनाही कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याही चमचा खाली ठेवून बसल्या होत्या, नजर जमिनीकडे. मी दम घेतला. वाटी उचलली आणि उजव्या बाजूने एक घास घेतला.

मग सगळे पुन्हा खायला लागले.